अर्जातला प्रश्न : आनंदीबाईंचं एक पत्र

आज आम्ही एका अर्जाची गोष्ट सांगणार आहोत. डॉक्टरकीच्या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून केलेला हा अर्ज, तारीख २८ जून १८८३. अर्ज करणारी अठरा वर्षांची, मराठी मुलखातली, आणि कॉलेज सातासमुद्रापार अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहरात. नाव तुम्ही ओळखलं असेलच, आनंदीबाई जोशी. त्यांच्यावर कादंबरी आहे, नाटक आहे, सिनेमा आहे. पण त्या अर्जात त्यांनी लिहिलं काय, याकडे फारसं कुणी थांबून बघत नाही. आज आपण तिथेच थांबू.

विषय निघाला तो असा. आपल्या एका गटातल्या ताईंनी विचारलं होतं. त्यांची भाची परदेशातल्या मेडिकल कॉलेजांचे अर्ज बघते आहे. मार्क विचारतात, पैसे कोण भरणार ते विचारतात, आणि मग मोकळी जागा सोडून म्हणतात, तुम्हाला कशाचं संशोधन करावंसं वाटतं आणि का, ते निबंधात लिहा. भाची म्हणाली, “मावशी, मी अजून डॉक्टरच झाले नाही, तर संशोधनाचं काय सांगू?”

पोरीचं चुकत नाही. आपल्याकडे एम.बी.बी.एस.ला जायचं तर ‘नीट’ची परीक्षा द्यायची, मार्कांची यादी लागते, संपलं. तुला डॉक्टर का व्हायचंय, हे तिला कुणी विचारतच नाही. अमेरिकेत मात्र हा निबंध लिहावाच लागतो. तिथल्या बहुतेक कॉलेजांचा जो सामाईक अर्ज आहे, त्यात मुख्य निबंधाला ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे. ज्यांना डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही एकत्र शिकायचं आहे, त्यांना आणखी दोन निबंध, एक ३,००० अक्षरांचा आणि एक १०,००० अक्षरांचा. आपल्या मुली निबंध म्हटलं की ‘माझी आई’ आणि ‘पावसाळ्यातला एक दिवस’ एवढंच लिहून मोठ्या झालेल्या. म्हणून आम्ही जुना अर्ज शोधायला निघालो.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा गोपाळराव जोशी वीसेक वर्षांनी मोठा, टपाल खात्यात नोकरीला. त्यांनी बायकोला शिकवलं हे सगळे सांगतात. शिकवताना मारलंही, हे आनंदीबाईंनी पुढे पत्रात स्वतःच नवऱ्याला लिहून ठेवलंय, ते कमी जण सांगतात. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. अलिबाग, कोल्हापूर, भुज, मग कलकत्त्याकडे. कोल्हापूरला असताना त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, मदत करा. ख्रिस्ती व्हा म्हणजे बघू, अशा अर्थाचं उत्तर आलं. ही पत्रं अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आली. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, समोर ते मासिक पडलेलं होतं, त्यांनी ते वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. नात्याच्या ना जातीच्या, पण मावशी.

अमेरिकेला निघायच्या आधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केलं. लोक त्यांना जे प्रश्न विचारून छळत होते, तेच त्यांनी घेतले. अमेरिकेलाच का जातेस? इथे सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीतून वाळीत टाकतील त्याचं काय? वाटेत संकट आलं तर? आणि जे कुठल्याच बाईनं केलं नाही ते तूच का करतेस? असे सहा प्रश्न, आणि एकेकाला सरळ उत्तर. मद्रासला मुलींना मेडिकल कॉलेजात घेतात, सुइणीच्या कामाचे वर्गही निघालेत, हे त्यांनी मान्य केलं. पण ते शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणाऱ्यांचं मन मोकळं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बायकांना बाई डॉक्टर हवी, ही गरज मला सगळ्यांत मोठी वाटते, हे त्यांनी भर सभेत सांगितलं.

हे भाषण आम्ही मुद्दाम आधी सांगितलं. कारण अर्ज काही एका रात्रीत सुचत नाही. आनंदीबाईंचा अर्ज श्रीरामपूरला तोंडी तयार झाला होता, लिहिला गेला चार महिन्यांनी.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटर मावशींच्या घरी राहिल्या. तिथून २८ जूनला त्यांनी फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजाच्या व्यवस्थापनातल्या अल्फ्रेड जोन्स यांना पत्र धाडलं. त्यांच्याजवळ शाळेची म्हणावी अशी सनद नव्हती. आपल्याला काय येतं आणि किती येतं ते त्यांनी सांगितलं, आणि मग मुद्द्यावर आल्या. माझ्या देशातल्या बायका आजारी पडतात, त्यांना खऱ्या औषधोपचाराची फार गरज आहे, पण पुरुष डॉक्टरकडून तो घ्यायचा तर त्यांना मरण बरं वाटतं. त्यांना मदत करायची म्हणून मी जात आणि मित्रमंडळी सगळ्यांचा विरोध सोसून इथवर आले आहे. अशा अर्थाचं ते पत्र आहे.

मैत्रिणींनो, यात ‘संशोधन’ हा शब्द नाही. त्या काळी प्रवेशाच्या अर्जात तो कुणी मागतही नव्हतं. पण प्रश्न आहे, आणि तो नेमका आहे. ‘मला सेवा करायची आहे’ एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. सेवा सगळेच म्हणतात. औषध असूनही बाई ते घेत नाही, का घेत नाही, आणि काय बदललं तर घेईल, असा तो प्रश्न आहे. यात रोग आहे, बाई आहे, आणि बाई नि औषध यांच्यामध्ये उभी असलेली भिंतही आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात राहिली. दहा दिवसांत गेलेलं बाळ. चरित्रांमधून सांगतात की डॉक्टर व्हायचं त्या दुःखातूनच ठरलं. असेलही. पण अर्जात कारण म्हणून त्यांनी पुढे ठेवलं ते इतर बायकांचं दुखणं. आजकाल अशा निबंधात आपलं सगळ्यांत मोठं दुःख मांडावं, म्हणजे वाचणाऱ्याला पाझर फुटतो, असा सल्ला मुलींना दिला जातो. आम्हाला तो तितकासा पटत नाही. दुःख मांडायला हरकत नाही, पण दुःखातून पुढे काय विचारावंसं वाटलं ते आलं नाही, तर वाचणाऱ्याच्या हाती नुसती हळहळ उरते.

कॉलेजनं आनंदीबाईंना घेतलं, शिष्यवृत्तीही दिली. या कॉलेजबद्दल थोडं सांगायला हवं. १८५० साली निघालेलं, खास बायकांना डॉक्टर करण्यासाठी. आनंदीबाई गेल्या तेव्हा तिथल्या प्रमुख होत्या रेचल बॉडली, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या. लोक म्हणायचे, बायकांना डॉक्टर करून काय उपयोग, लग्न झालं की घरी बसतात. बॉडलीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी शिकून गेलेल्या सगळ्या मुलींना पत्रं पाठवली. काम करता का, कसलं करता, किती मिळतं, लग्नामुळे काम थांबलं का, असं विचारलं, आणि आलेली उत्तरं १८८१ साली छापली. बहुतेक जणी डॉक्टरकी करत होत्या. आपल्या गटात आपण घरोघरी फिरून विचारतो ना, किती जणींच्या नावावर जमीन आहे, किती जणींकडे रेशनकार्ड आहे? त्यातलंच हे.

याच कॉलेजातून १८६४ साली शिकून गेलेल्या मेरी पटनम जॅकोबी. त्यांची हकिकत तर पाळीशीच जोडलेली आहे. १८७३ साली बोस्टनच्या एका मोठ्या डॉक्टरनं पुस्तक लिहून सांगितलं, की वयात आलेल्या मुलींना मुलांसारखं शिकवलं तर त्यांची प्रकृती आणि मूल होण्याची ताकद बिघडते. पाळीत डोकं चालवणं धोक्याचं! पुस्तक धडाक्यानं खपलं. पुढे हार्वर्ड विद्यापीठानं एका बक्षिसासाठी विषय ठेवला, की पाळीच्या दिवसांत बायकांना कामातून विश्रांतीची गरज असते का. जॅकोबीबाईंनी एक हजार प्रश्नपत्रिका बायकांना पाठवल्या. २६८ उत्तरं आली. शिवाय काही बायकांची नाडी आणि हाताची ताकद महिनाभर मोजली. निष्कर्ष असा, की बहुतेकींना काम सोडून बसायची गरज पडत नाही. निबंधावर लिहिणाराचं नाव नसायचं, म्हणून बाईनं लिहिलंय हे परीक्षकांना आधी कळलं नाही. १८७६ साली बक्षीस त्यांनाच मिळालं. आपल्याकडे अजून पाळीत चार दिवस बाजूला बसवणारी घरं आहेत, त्यांना हे सांगायला हवं. अर्थात दुखत असेल तर विश्रांती घ्यावीच, ती बाईनं ठरवायची गोष्ट आहे.

तर अशा कॉलेजात आनंदीबाई तीन वर्षं शिकल्या. थंडी, खाण्यापिण्याचे हाल, दुखणं. तिथेच १८८५ सालचा एक फोटो आहे, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. डॉक्टरची पदवी मिळायची तर शेवटी एक प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय घेतला आर्य हिंदूंमधलं बाळंतपणाचं शास्त्र. अमेरिकेतली नवी पुस्तकं हाताशी होती, तरी त्या आपल्याकडच्या जुन्या संस्कृत ग्रंथांकडे वळल्या. गरोदर बाईनं काय खावं, बाळंतीण कशी जपावी, बाळाची निगा कशी राखावी, यात आपल्या लोकांनी काय म्हणून ठेवलंय ते त्यांनी तिथल्या डॉक्टरांपुढे मांडलं. अर्जातला प्रश्न आणि शेवटचा प्रबंध, दोन्ही एकाच वाटेवरचे. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. ‘आर्य हिंदू’ या शब्दांत आपण सगळ्या येत नाही. त्या काळी गावोगाव बाळंतपणं कोण करत होतं? सुइणी. त्या बहुतेक ठिकाणी खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या. पोट चोळून मूल आडवं आहे की उभं हे सांगणाऱ्या. त्यांचं ज्ञान ग्रंथात नव्हतं, हातात होतं. ग्रंथ हाती असलेल्या घरातल्या मुलीनं ग्रंथ उघडला, यात नवल नाही. त्यांच्यावर राग धरायचं कारण नाही, पण प्रश्न विचारणारी जिथे उभी असते तिथलंच तिला दिसतं. म्हणून वेगवेगळ्या घरांतल्या मुली डॉक्टर व्हायला हव्यात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. आज कोल्हापुरात ज्याला आपण सी.पी.आर. म्हणतो, तेच ते. पण १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या तेव्हा क्षयानं पोखरल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय एकवीस, बावीसही पुरी नाहीत. थोड्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे गेल्या, त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत पुरून वर दगड उभा केला.

डॉक्टर गेल्या, पण अर्जातला प्रश्न तसाच राहिला. बाई अंगावर किती काढते आणि का काढते? त्याचं मोजून दिलेलं उत्तर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि ते आलं गडचिरोलीतून. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या. ज्या दवाखान्यात आल्या तेवढ्याच तपासल्या, असं नाही. गावात राहणाऱ्या बायका, तक्रार असो वा नसो. १०० पैकी ९२ जणींना अंगावरून जाणं, पाळीचे त्रास, जंतुसंसर्ग असं काही ना काही बायकांचं दुखणं निघालं. एकेकीला सरासरी तीनहून जास्त दुखणी. आणि याआधी कधी कुणी आतून तपासलं होतं अशा १०० मध्ये फक्त ८. हे १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदीचं ऑपरेशन, एवढंच सरकारी कागदांत असायचं.

हा आकडा ऐकून डॉक्टर चकित झाले. आपल्यातल्या किती जणी होतील? पांढरं जाणं, कंबर धरणं, हे आपण आईपासून ऐकत आलोय. ठाऊक होतं सगळ्यांना, मोजलं नव्हतं कुणी.

आता भाचीकडे येतो. संशोधनाची आवड म्हणजे प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हलवणंच, असं तिला वाटत असेल. नळ्या हलवल्या असतील तर जरूर लिहावं, कुणाच्या हाताखाली, काय केलं, काय फसलं, सगळं. पण नसतील हलवल्या तर खोटं लिहू नये. ‘मला कॅन्सरवर औषध शोधायचं आहे’ असं तर मुळीच नको. असे निबंध वाचणाऱ्यांपुढे ढिगानं येत असणार.

उदाहरण म्हणून आपल्या ऊसतोडणीच्या बायांचं घ्या. २०१९ साली सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या तोडणीला जाणाऱ्या बायांची पाहणी केली. ८२ हजारांहून जास्त बायांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. हे वाचून एखाद्या मुलीनं अर्जात लिहिलं, ‘मला ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्यावर संशोधन करायचं आहे’, तर ते खरं आहे, पण ढगासारखं आहे, हाती लागत नाही. त्यापेक्षा तिनं लिहावं, की माझ्या गावातल्या बायांची पिशवी पस्तिशीच्या आत काढली. दुखणं थांबावं म्हणून काढली. मग पाच वर्षांनी दुखणं थांबलं का? हाडं दुखतात का, घाम फुटतो का, झोप लागते का? कोयता पूर्वीइतका चालतो का? ऑपरेशनला घेतलेली उचल फिटली का? हे मला मोजून बघायचंय, आणि त्यासाठी मला शरीरातल्या स्रावांचं शास्त्र आणि आकडेमोड, दोन्ही शिकायला हवं, ते तुमच्या कॉलेजात शिकवतात. यात तिला काय दिसलं ते आलं, काय कळत नाही ते आलं, आणि कॉलेजकडून काय हवं तेही आलं. उत्तर तिच्याजवळ नसेल, नसू दे. उत्तर असतं तर शिकायला कशाला गेली असती?

आणि असे प्रश्न मुलींना मिळणार कुठे? आम्ही त्या ताईंना म्हटलं, भाचीला गटाच्या बैठकीला बसवा. पैसे मोजून झाल्यावर आपण ज्या बोलतो ना, दवाखान्याच्या, सासूच्या, गोळ्यांच्या गोष्टी, त्या तिला ऐकू द्या. वही घेऊन बसू दे. फक्त कुणाचं नाव निबंधात जाता कामा नये, आणि विचारल्याशिवाय कुणाचं दुखणं कागदावर जाता कामा नये, एवढं तिला बजावा.

आनंदीबाईंचा अर्ज आणि प्रबंध फिलाडेल्फियात जपून ठेवलेत. त्यांचं कॉलेज पुढे ज्या ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं, तिथल्या संग्रहात. अक्षर वळणदार आहे. भाचीला सांगा, आपला निबंध लिहायला बसण्याआधी एकदा ते पत्र मिळवून वाच.

पुढच्या वेळी आपण रखमाबाईंकडे जाऊ. लहानपणी लावून दिलेलं लग्न मान्य नाही म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, आणि तिथून लंडनच्या मेडिकल कॉलेजात पोचल्या. ती वाट वेगळी होती, ती सावकाश सांगू. येतो मैत्रिणींनो.